लाखाची शिडी

दोन लाख ऐंशी हजार रुपये. गाडी नाही, टीव्ही नाही, स्पीकरसुद्धा नाही. बुटाच्या खोक्यापेक्षा जरा मोठा, सात-आठ किलोचा एक काळा डबा. त्याचं काम एकच: कॉम्प्युटरमधून आलेले आकडे घ्यायचे आणि त्यांचं व्होल्टेज करून अ‍ॅम्प्लिफायरला द्यायचं. हेच काम फोनला लावायच्या बोटभर लांबीच्या डोंगलमधली चिप करते. ती हजार-दोन हजारात येते.

हा डबा म्हणजे आर-टू-आर डॅक, आणि तो घेतला होता आमच्या मित्रानं. ऑफिस एकच, गाव माझं जळकोट, त्याचं उदगीरच्या पलीकडे. पैसे पर्सनल लोनचे. विकणाऱ्यानं सांगितलं होतं की सात दिवसांत आवडला नाही तर परत घेऊ. त्या सात दिवसांतले चार २०२४ च्या दिवाळीत गेले, आणि दिवाळीला आम्ही दोघं गावी. म्हटलं, घेऊन ये. बघू तरी काय ऐकू येतं ते.

मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे रागावणाऱ्यांना सुरुवातीपासून रागावता येईल. माझ्या मते शिडीवाल्या डॅकमध्ये शिडीमुळे ऐकू येणारा एक पैशाचाही फायदा नाही. ज्यांना फरक ऐकू येतो ते खोटं बोलतात असं मी म्हणत नाही. त्यांना फरक येतो तो दुसऱ्याच कशामुळे तरी येतो, आणि ते 'दुसरंच काहीतरी' जवळजवळ फुकट मिळतं.

आता ही शिडी काय भानगड आहे? इंजिनिअरिंग केलेल्या कुणालाही ती माहीत असायला हवी. डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये एक प्रयोग असतो: ब्रेडबोर्डवर आर आणि टू-आर असे दोन किमतींचे रेझिस्टर शिडीसारखे लावायचे, शेवटी ७४१ चा ऑप-अँप, आणि चार बिटचे सोळा आकडे देऊन सोळा व्होल्टेज मोजायची. आमच्या बॅचचं एकही रीडिंग थिअरीशी जुळलं नव्हतं. जुळणार कसं? रेझिस्टर पाच टक्केवाले, चार आण्याचे. मग सगळ्यांनी उत्तर आधी काढलं आणि रीडिंग नंतर लिहिली. व्हायवात शिडीचं डेरिव्हेशन विचारलं, ते घडाघडा सांगितलं, मार्क पडले. (लातूर पॅटर्नमधून आलेली पोरं आम्ही, डेरिव्हेशनमध्ये कोण हरणार?) पण रीडिंग का जुळलं नाही हा खरा प्रश्न कुणी विचारला नाही, आणि या सगळ्या लाखालाखाच्या प्रकरणाची चावी नेमकी तिथेच आहे.

किराणा दुकानातली जुनी वजनं आठवा. शेर, अच्छेर, पावशेर, अदपाव, छटाक. प्रत्येक वजन आधीच्याच्या निम्मं. या पाच वजनांत छटाकापासून वर कुठलंही माप जुळवता येतं. आर-टू-आर शिडी म्हणजे हीच वजनं, फक्त विजेची. सर्वांत मोठा बिट अर्धं व्होल्टेज देतो, पुढचा पाव, पुढचा अदपाव. सोळा बिट असले तर अशी सोळा वजनं, चोवीस असले तर चोवीस. कल्पना सुंदर आहे, त्यात वादच नाही.

अडचण मोठ्या वजनात आहे. समजा उदगीरच्या मोंढ्यात कुणी चोवीस वजनांचा संच घेऊन बसलाय. सर्वांत मोठं वजन एक क्विंटलचं, त्याच्या निम्मं ५० किलो, मग २५, असं करत करत चोविसावं वजन येतं सुमारे १२ मिलिग्रॅमचं. म्हणजे सोयाबीनच्या एका दाण्याचा साधारण दहावा भाग. आता क्विंटलचं वजन किती अचूक बनवता येईल? उत्तम, निवडून घेतलेला रेझिस्टर ०.०१ टक्क्याचा धरा. क्विंटलला ०.०१ टक्के म्हणजे १० ग्रॅम. मोठ्या वजनात १० ग्रॅमची चूक, आणि दुकानदार छाती फुगवून सांगतोय की आमच्याकडं १२ मिलिग्रॅमचं वजन आहे! चूक त्या सर्वांत लहान वजनाच्या ८३९ पट आहे. ०.००५ टक्केवाले रेझिस्टर वापरले तर ४१९ पट. जाहिरातीत '२४ बिट' छापून येतं ते हे.

यातली मजा पुढेच आहे. ही सर्वांत मोठी चूक बाहेर कधी पडते? मोठं वजन उचललं आणि बाकीची सगळी खाली ठेवली, त्या क्षणी. साध्या शिडीत तो क्षण येतो बरोब्बर मध्यावर, म्हणजे शून्य व्होल्टला. आणि संगीतातला प्रत्येक आवाज, मग तो तानपुऱ्याची विरत जाणारी तार का असेना, सेकंदाला शेकडो वेळा शून्य ओलांडतो. मोठ्या आवाजात ही चूक लपून जाते, हळू आवाजात तिचं प्रमाण वाढतं. म्हणजे ज्या 'नाजूक, सूक्ष्म' जागांसाठी शिडीची आरती ओवाळली जाते, तिथेच शिडी जन्मजात लंगडी आहे! बनवणाऱ्यांना हे पक्कं माहीत असतं, म्हणून तर बर-ब्राउन कंपनीनं पीसीएम-१७०४ मध्ये दोन शिड्या वापरून शून्याजवळचा हा खड्डा चुकवला होता, आणि आजचे चांगले शिडीवाले चुकांचा तक्ता आत ठेवून हिशोबानं दुरुस्त्या करतात. अशा दुरुस्त केलेल्या शिड्या मोजमापात फार छान येतात, हे मान्य. मग त्या कोणासारख्या येतात? दोन हजाराच्या डोंगलसारख्या. आता बोला!

डोंगलमध्ये असते ती डेल्टा-सिग्मा पद्धत. तिथे वजनांचा संच नसतो. अगदी मोजकी, छोटी मापं असतात, पण ती सेकंदाला लाखो वेळा टाकली जातात, आणि दर वेळी मागच्या खेपेला जास्त पडलं की कमी याचा हिशोब ठेवून पुढच्या खेपेला भरपाई होते. या घाईत जी खरखर तयार होते ती गणितानं वर, कानाच्या पल्ल्याबाहेर ढकलली जाते आणि फिल्टरनं काढली जाते. इथे कुठल्याही रेझिस्टरला हजारात एक, लाखात एक अचूक असायची सक्ती नाही. वेळ अचूक पाळली की झालं, आणि वेळ पाळणं सिलिकॉनला स्वस्तात जमतं.

म्हणूनच उद्योग तिकडे गेला. इतिहास थोडा बघण्यासारखा आहे. पहिली कॉम्पॅक्ट डिस्क १७ ऑगस्ट १९८२ ला जर्मनीतल्या लांगेनहागेनच्या कारखान्यातून बाहेर पडली. (आपला लातूर जिल्हा उस्मानाबादपासून वेगळा झाला तो १६ ऑगस्ट १९८२ ला. एका दिवसाच्या फरकाची भावंडं! या माहितीचा काहीही उपयोग नाही, पण मला ती फार आवडते.) त्या काळच्या सीडी प्लेअरमध्ये अशीच मल्टिबिट, वजनांच्या जातीची चिप असायची. तेव्हा तिला कुणी 'ऑरगॅनिक' म्हणत नव्हतं. उलट तक्रार अशी की डिजिटल आवाज कोरडा, कर्कश, कॅसेटची ऊब नाही. आज चाळीस वर्षांनी तीच पद्धत 'अ‍ॅनालॉगसारखी ऊब' म्हणून विकली जाते. मधल्या काळात एकेका चिपमधले रेझिस्टर लेझरनं कोरून जुळवणं परवडेना, म्हणून त्या चिपा मागे पडल्या. मग ऑक्टोबर २०२० मध्ये जपानात नोबेओकाला एकेएम कंपनीच्या कारखान्याला आग लागली, चांगल्या डॅक-चिपांचा दुष्काळ पडला, आणि सुटे रेझिस्टर जोडून शिड्या बनवणाऱ्यांना मोकळं रान मिळालं. आता शिडी पंधरा-वीस हजारातही मिळते आणि अमेरिकेतल्या एका कंपनीची लाख डॉलरच्या घरातलीही.

शिडीभक्तांचा सर्वांत लाडका मुद्दा असा: डेल्टा-सिग्मा संगीताचे तुकडे-तुकडे करून पुन्हा चिकटवते, शिडी मात्र 'जसंच्या तसं' देते. ऐकायला छान वाटतं. पण मला एक सांगा, तुम्ही जे रेकॉर्डिंग ऐकताय ते डिजिटल झालं कसं? स्टुडिओत माइकचं व्होल्टेज आकड्यांत बदलणारं यंत्र साधारण १९९० च्या दशकापासून बहुतेक सगळीकडे डेल्टा-सिग्माच आहे. म्हणजे गाणं तुमच्या घरी यायच्या आधीच त्या 'तुकडे करणाऱ्या' यंत्रातून गेलेलं आहे. पाणी टँकरनं आलेलं, आणि भांडण कशावरून, तर पेला तांब्याचा की स्टीलचा!

आणि जुनी रेकॉर्डिंग? मित्राच्या संग्रहात अब्दुल करीम खाँसाहेब आहेत, हिराबाई बडोदेकर आहेत. खाँसाहेब १९३७ मध्ये गेले. त्यांचं गाणं आपल्याकडे आहे ते तीन-साडेतीन मिनिटांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवर. त्या तबकडीवर आवाज आणि खरखर यांतलं अंतर फार तर ४० डेसिबल. पुढच्या काळातल्या चांगल्या टेपवर ६०-७०. साध्या सीडीच्या १६ बिटमध्ये हे अंतर मावतं ९८ डेसिबल. म्हणजे चार लिटरचं दूध घेऊन चाळीस लिटरच्या कॅनमध्ये ओतायचं आणि वर म्हणायचं, कॅन जरा मोठा असता तर साय चांगली आली असती. खाँसाहेबांचा तो आर्त षड्ज खरखरीतूनही काळीज कापत येतो, तो कुठल्याही डॅकमधून येतो. तो आमच्या गावच्या सप्ताहातल्या अहुजाच्या भोंग्यातूनसुद्धा येतो, हे मी स्वतः ऐकलेलं आहे.

आता प्रयोगाकडे. जळकोटला आमचं जुनं घर आहे, माळवदाचं. दीड-दोन फुटी मातीच्या भिंती, वर लाकडी तुळया. पुण्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये टाळी वाजवली तर टाइल्स आणि काचांवरून ती परत येते, इथे ती भिंतीत जिरते. रात्री अकराला पंखा बंद केला की कुत्री सोडून कुणी बोलत नाही. दोन्ही घरांत तेच स्पीकर लावून ऐकले तर जो फरक पडतो तो आजीलाही ऐकू येईल, आणि तो फरक कुठल्याही डॅकच्या फरकापेक्षा हजारपट मोठा आहे.

अण्णांनी डबा बघितला. "हे काय आणलास रे? लग्नातल्या अ‍ॅम्प्लिफायरवाणी दिसलालंय."

किंमत सांगितली नाही. मित्रानं डोळ्यांनी विनवलं.

पहिलं काम आवाजाची पातळी सारखी करणं. हे न करता केलेली कुठलीही तुलना कचऱ्यात टाकायच्या लायकीची असते, कारण दोन आवाजांतला एक नावाला जरी मोठा असला तरी आपल्याला तो 'मोठा' वाटत नाही, तो 'जास्त मोकळा, जास्त जिवंत' वाटतो. कान असाच फसतो. डब्यातून निघत होते २.२ व्होल्ट, डोंगलमधून १ व्होल्ट. म्हणजे जवळजवळ सात डेसिबलचा फरक! दुकानात दोन्ही लागोपाठ लावून दाखवले असतील तर डबा जिंकणार नाही तर काय. उदगीरहून आणलेलं एक पॉट मध्ये लावून, १०० हर्ट्झचा टोन वाजवून मल्टिमीटरनं दोन्ही सारखे केले. (स्वस्त मल्टिमीटर वरच्या फ्रिक्वेन्सीला थापा मारतो, म्हणून टोन खालचा घ्यायचा.)

स्विच दिला धाकट्या बहिणीकडे. ती पडद्यामागे, दर वेळी नाणं उडवायचं, छापा आला तर डबा, काटा आला तर डोंगल, आणि वहीत लिहून ठेवायचं. तुकडा दर वेळी पहिल्यापासून. आधी दोन्ही नाव सांगून ऐकायचे, मग सोळा वेळा ओळखायचं. सोळापैकी बारा बरोबर आले तर ते निव्वळ नशिबानं येण्याची शक्यता चार टक्क्यांच्या आत. बारा ही आमची पासिंग लाइन ठरली.

पहिल्या फेरीत मला सोळापैकी सोळा.

खोटं नाही सांगत, पोटात गोळा आला. मित्र नाचायचाच बाकी होता. म्हणाला, "बोल आता, भावा!" माझं आख्खं मत, चार वर्षं ऑफिसच्या कँटीनमध्ये मांडलेलं, दहा मिनिटांत आडवं. पण मनात एक किडा वळवळत होता: मी 'ओळखत' होतो ते गाणं सुरू व्हायच्या आधीच. पुन्हा ऐकलं तेव्हा कळलं. डब्यात एक रिले आहे, सिग्नल आला की तो बारीक 'टक्' करतो. मी किशोरीताईंचा भूप ऐकतच नव्हतो, मी रिले ऐकत होतो! आणि मला ते माहीतही नव्हतं. हे या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य आहे, म्हणून पुन्हा लिहितो: मला ते माहीतही नव्हतं. मी शपथेवर सांगितलं असतं की मंद्र सप्तकात जास्त भरदारपणा आहे.

मग डबा आणि डोंगल दोन्ही शेजारच्या खोलीत, लांब वायर ओढून, मधलं दार बंद. पुन्हा सोळा. मला नऊ. मित्राला सात. मित्र म्हणाला दमलोय. चहा घेतला, दुसऱ्या रात्री पुन्हा केलं, त्याच्या आवडीच्या तुकड्यांवर, त्याला हवा तितका वेळ घेऊन. त्याला आठ.

इथे थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. पण डब्यावर एक बटण होतं, 'नॉस' असं लिहिलेलं. नॉन-ओव्हरसँपलिंग. शिडीभक्तांच्या मते खरी जादू तिथेच. ते दाबलं, आणि टाळ-झांजांनी भरलेला एक भजनी ठेका लावला. मला सोळापैकी तेरा.

म्हणजे फरक ऐकू आला. खराखुरा. आणि तो चांगलाही वाटला, झांजा जरा मवाळ, कानाला कमी टोचणाऱ्या. आता हा काय प्रकार? याचंही उत्तर पुस्तकात आहे. नॉस मोडमध्ये डॅक प्रत्येक आकडा पुढचा येईपर्यंत तसाच धरून ठेवतो, पायऱ्या-पायऱ्यांचा आवाज बाहेर सोडतो. या धरून ठेवण्यानं वरच्या पट्टीतला आवाज खाली बसतो. सीडीच्या ४४.१ किलोहर्ट्झला हिशोब केला तर १० किलोहर्ट्झला पाऊण डेसिबल, १५ ला पावणेदोन, आणि २० ला तीन डेसिबलच्या थोडं वर. झांजा मवाळ झाल्या त्या यानं. (अण्णांना हाही फरक आला नाही. साठीच्या कानाला वरचं तसंही कमीच ऐकू येतं. विनोद असा की महागडे डॅक परवडतात ते त्याच वयात.)

तर मी लॅपटॉपवरच्या फुकट इक्वलायझरमध्ये तेवढाच उतार आखला, डोंगलला लावला, आणि नॉसवाल्या डब्याशी पुन्हा तुलना केली. सोळापैकी आठ.

जादू गेली. म्हणजे गेली नाही, ती आता दोन लाख अठ्ठ्याहत्तर हजारांनी स्वस्त झाली. ज्याला मवाळ झांजा आवडतात त्यानं जरूर ऐकाव्यात, मलाही आवडल्या. पण ती ट्रेबलची पाव घुंडी आहे. तिला 'काळाची सुसूत्रता', 'संगीताचा आत्मा' वगैरे नावं देऊन कर्ज काढायला लावायचं, याला आमच्याकडं चांगला शब्द आहे, पण ब्लॉग घरचेही वाचतात.

एका घरातले दोन जण, दोन-तीन रात्री, याला काही संशोधन म्हणत नाहीत, मला कळतं. पण जिथे नीट संशोधन झालंय तिथेही वारं याच दिशेनं वाहतं. मेयर आणि मोरान या दोघांनी २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. महागड्या हाय-रेझोल्यूशन डिस्कच्या आवाजाच्या वाटेत एक साधं सीडी-दर्जाचं रूपांतर घुसवलं आणि लोकांना विचारलं, आत्ता ते मध्ये आहे की नाही. ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा उत्तर बरोबर आलं. नाणं उडवूनही तेवढंच आलं असतं. हा प्रयोग शिडीवर नव्हता, पण तिथे घुसवलेला फरक शिडी आणि चिप यांच्यातल्या फरकापेक्षा काही लहान नव्हता. आणि २०१२ मध्ये आलेला व्हायोलिनचा प्रयोग तर वाचाच. २१ निष्णात वादकांना डोळ्यांवर काळे गॉगल चढवून नवी आणि दोन-तीनशे वर्षं जुनी अतिमौल्यवान व्हायोलिनं वाजवायला दिली. सर्वांत कमी पसंती मिळाली ती एका स्ट्रॅडिव्हेरियसला. या लोकांचे कान आपल्यापेक्षा कच्चे होते असं म्हणणार का?

यावर ठरलेलं उत्तर येतं: "सगळं मोजता येत नाही." येत नाही, मान्य. पण जे कानाला ऐकू येतं ते डोळे झाकूनही ऐकू यायला पाहिजे की नको? मी मल्टिमीटर घेऊन कुणाच्या कानावर बसलो नव्हतो. कानालाच विचारलं, फक्त किमतीची चिठ्ठी लपवली.

कानावर माझा विश्वास नाही असं नाही. अण्णा भजनात पेटी वाजवतात. आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडलं, हा त्यांचा जुना जखमेचा विषय. बंदी चूक की बरोबर तो वाद वेगळा, पण त्यामागची तक्रार कानाचीच होती आणि ती खरी होती. पेटीचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर असतो, तानपुऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार साधारण ३८६ वर. चौदा सेंटचा फरक. अण्णांना डोळे बांधून दोन्ही ऐकवले तर सोळापैकी सोळा सांगतील, आणि त्या घरात रिले नसेल तरी सांगतील :-) कान इतका तीक्ष्ण आहे. आपल्या संगीतात तर श्रुतीवरून भांडणं होतात. म्हणूनच मला राग येतो. असा कान असलेल्या लोकांना 'तुम्हाला फरक ऐकू येत नाही म्हणजे तुमचा कान तयार नाही' असं सांगून गप्प केलं जातं. आणि ज्याचा पगार नुकताच वाढलाय, ज्याला आपण गावाकडचे आहोत याची पुण्यात जरा जास्तच जाणीव आहे, तो पोरगा मान डोलावतो. येतंय, येतंय, आता ऐकू येतंय.

मित्राचं तेच झालं. पुण्यातल्या त्या ऐकण्याच्या खोलीत पाच माणसं माना डोलावत होती. सहावा हा. तिथे "मला तर सारखंच वाटतंय" म्हणायला छाती लागते. मला नाही वाटत माझ्याकडे ती असती.

दोन लाख ऐंशी हजार म्हणजे किती ते पुण्यात कळत नाही, गावात लगेच कळतं. त्या सालच्या हमीभावानं, म्हणजे क्विंटलला ४,८९२ रुपयांनी, सत्तावन्न क्विंटल सोयाबीन. आमच्याकडं कोरडवाहू रानात एकरी सहा-सात क्विंटल पडलं तरी लोक बरं म्हणतात. आठ-नऊ एकरांचं एका हंगामाचं पीक, तेही हमीभाव मिळाला तर, खर्च न वजा करता. मित्राच्या वडिलांकडे पाच एकर आहे. हा हिशोब मी त्याच्यासमोर केला नाही. त्यानंच केला, पडवीत बसून, मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर.

तरी मी त्याला पैसे वाचव असं सांगितलं नाही. स्वतःच्या कमाईचं माणसानं काहीही करावं. म्हटलं, यातले ऐंशी हजार घाल चांगल्या स्पीकरमध्ये, कारण स्पीकरमधले फरक मोजताही येतात आणि झोपेतही ऐकू येतात. वीस हजारात खोलीत जाड पडदे, गालिचा, मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट. उरलेल्यात दरवर्षी डिसेंबरात सवाई गंधर्वला जा, पुढच्या खुर्च्यांचं तिकीट काढून. डॅक हवाच तर मोजमाप छापणाऱ्या कंपनीचा पाच-दहा हजारांचा घे, तो कुठल्या पद्धतीचा आहे हे बघूही नको. शिडीवाल्यांनी शिड्या बनवू नयेत असंही माझं म्हणणं नाही. रेझिस्टर एकेक जुळवून शिडी उभी करणं ही कारागिरी आहे, हातात घेऊन बघताना मलाही भारी वाटलं. घड्याळजींचं घड्याळ लोक घेतातच की, मोबाईलमध्ये वेळ दिसत असताना. पण घड्याळजी असं सांगत नाही की याच्यात संध्याकाळ जास्त मधुर होते.

सातव्या दिवशी मित्रानं डबा परत केला का? नाही केला. म्हणाला, "बघितलं की छान वाटतं यार." छत्तीस हप्ते आहेत. आमची मैत्री शाबूत आहे, दर शनिवारी त्याच्याकडे गाणं ऐकायला जातो, डब्याचा निळा दिवा खरंच छान दिसतो. फक्त डब्याच्या मागे बहिणीच्या वहीतलं ते पान चिकटवलेलं आहे. ते त्यानं स्वतः चिकटवलंय.

तर आता उघड आव्हान. ज्या कुणाला शिडी ऐकू येते त्यानं आपला डबा घेऊन पुढच्या दिवाळीत जळकोटला यावं. उदगीरहून एसटी आहे. पातळी मल्टिमीटरनं जुळवू, नॉसचं बटण बंद राहील, डबा शेजारच्या खोलीत. सोळापैकी बारा आले तर हा लेख काढून टाकीन आणि त्याच जागी माफीनामा टाकीन. जेवण आमच्याकडे. स्विच बहिणीच्या हातात.